काचेच्या दाराबाहेर

संध्याकाळी दुकान आवरायची वेळ झाली, की काका दारात टांगलेली पांढरी साडी उतरवायचे. ती दोन्ही हातांवर आडवी घ्यायचे, वरच्या घडीवरून तर्जनी फिरवायचे आणि ते बोट माझ्यासमोर धरायचे. काजळाच्या डबीत बुडवल्यासारखं काळं झालेलं असायचं ते.

“बघ गो बाय,” ते म्हणायचे, “आज दिवसभर आपण काय खाल्लं ते.”

आम्ही काउंटरवरच्या पोरी हसायचो. तेही हसायचे. मग साडी झटकायला रस्त्याकडे वळायचे आणि मध्येच थांबायचे, कारण रस्त्याकडे तोंड करून झटकली तर ती आणखी काळी व्हायची. शेवटी तशीच घडी करून आत द्यायचे. महिन्याभरात ती साडी ‘डागी माल’ म्हणून कोपऱ्यातल्या टोपलीत जायची आणि दारात दुसरी पांढरी लागायची.

तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला कधी मुंबईत हिंदमातेच्या कापडबाजारात गेला असाल, तर अशा दुकानांच्या दारात उभी असलेली माणसं तुम्ही पाहिलीच असतील. “या ताई, या मावशी, बघायचे पैसे नाहीत!” असं म्हणत ती तुम्हाला जवळजवळ ओढूनच आत नेतात. तुम्ही आत गेल्यावर त्यांच्याकडे परत बघत नाही. मीही बघितलं नसतं. पण माझं काउंटर अगदी दाराशी होतं. ब्लाउज पीसचं मॅचिंग नेहमी दाराशीच ठेवतात, कारण रंग दिव्याखाली फसवतो आणि बायका कापड घेऊन उजेडात येतात. त्यामुळे माझी इतकी वर्षं काकांच्या पाठीकडे बघत गेली.

काका मूळचे साचेवाले. परळच्या एका गिरणीत त्यांनी तरुणपणापासून साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले होते. संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून सगळं गिरणगाव थांबून राहिलं, तसे तेही थांबले. माझे वडीलही थांबले होते. आमच्या घोडपदेवच्या चाळीत तेव्हा पुरुष दिवसाढवळ्या घरात दिसायचे, आणि आम्हा मुलांना त्याची भीती वाटायची. पुढे कुणाला परत घेतलं, कुणाला नाही. काकांना घेतलं नाही. मी दहावी होऊन दुकानात लागले, त्याच्या थोडं आधी ते तिथे आले होते.

शेठनी त्यांना ठेवलं ते कापड कळतं म्हणून. पण आत साड्या दाखवणारे चारजण आधीच होते, आणि जुन्या माणसांना हलवायचं नाही असा शेठचा स्वभाव. जागा फक्त दारात होती. काका दारात उभे राहिले.

त्यांना हाका मारता येत नव्हत्या. शेजारच्या दुकानाचा माणूस गळ्यात लाउडस्पीकर असल्यासारखा ओरडायचा, आणि आमचे काका हात मागे बांधून, खाली मान घालून, समोरून जाणाऱ्या बाईला पुटपुटायचे, “बघा… पटलं तर.”

शेठ गल्ल्यावरून म्हणायचे, “काका, तुम्ही गिऱ्हाईक बोलवता का पत्ता विचारता?”

हळूहळू त्यांना जमलं. पण ओरडून नाही. बाई थांबली, की ते तिच्या हातातल्या पिशवीतून डोकावणाऱ्या कापडाला चिमटीत धरायचे आणि खरं ते सांगायचे. “हे कुठून घेतलंत? दोन धुण्यांत विरणार हे. आत या, बसा, नाय घेतलं तरी चालेल.” कधी कधी आमच्याच दुकानातल्या साडीबद्दलही असंच सांगून टाकायचे. शेठ कपाळाला हात लावायचे. पण त्या बाया पुढच्या लग्नाला परत यायच्या आणि आधी विचारायच्या, “ते दारातले काका आहेत ना?”

त्यांची आणखी एक गंमत होती. साच्यांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून गिरणीत ते सगळे हातांनी आणि ओठांनी बोलायचे. ती सवय त्यांना राहिली होती. रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ चालू असला, की ते दारातूनच मला खुणा करायचे. अंगठा ओठांकडे नेला की चहा सांग. दोन बोटं डोळ्यांखाली फिरवली की ही बाई नुसती बघायला आली आहे. छातीवर तळवा ठेवला की घाई करू नकोस, ही दुःखातली आहे, पांढरं घ्यायला आली आहे. मला त्या खुणा यायला लागल्या, तेव्हा ते खूश झाले. “तू साच्यावर चालली असतीस,” म्हणाले.

आता रस्त्याबद्दल सांगायला हवं.

मी लागले तेव्हाही हिंदमातेला वर्दळ होती. पण पुढे ती वर्षागणिक वाढतच गेली. गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी मोठमोठ्या इमारती यायला लागल्या आणि त्या इमारतींत जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जाऊ लागल्या. बसचा थांबा थोडा सरकवला, तो नेमका आमच्या दुकानासमोर आला. सिग्नल लागला, की बस, ट्रक, टॅक्सी सगळं दारासमोर घरघरत उभं राहायचं, आणि सिग्नल सुटला की एकदम धूर सोडून निघायचं. तो काळा लोट काकांच्या अंगावरून आत यायचा. माझे डोळे चुरचुरायचे. डबा उघडला की भाताला डिझेलचा वास यायचा. त्यातच पुलाचं काम निघालं. रस्ता अर्धा झाला, गाड्या तेवढ्याच राहिल्या. त्या काळात दारात पांढरी साडी टांगणं शेठनी बंदच केलं.

काका म्हणायचे, “गिरणी बंद झाली तेव्हा लोक म्हणत, चिमणी थांबली, आता हवा सुधारेल. अगो, चिमणीचा धूर वर जायचा. हा धूर नाकासमोर चालतो.”

आणखी एक म्हणायचे, ते मला जास्त लागायचं. “गिरणीला भोंगा होता. भोंगा झाला की सुट्टी. या रस्त्याला सुट्टीच नाय.”

एकच सुट्टी मिळायची. पावसाळ्यात कधीतरी हिंदमातेला पाणी तुंबायचं आणि वाहतूक बंद व्हायची. सगळे दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायच्या गडबडीत असायचे, आणि काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर बसायचे, पाय त्या गढूळ पाण्यात सोडून. रस्ता अगदी गप्प झालेला असायचा. ते डोळे मिटून श्वास घ्यायचे, आत, बाहेर, पुन्हा आत. एकदा मी म्हटलं, “काका, गटाराचं पाणी आहे ते, पाय वर घ्या.”

“पायांना काय होत नाय गो,” ते म्हणाले. “जरा गप ऱ्हव. ऐक. काय ऐकू येतंय?”

काहीच ऐकू येत नव्हतं. कुठेतरी एक कावळा ओरडत होता.

त्यांना खोकला आधीपासून होता. साचेवाला म्हटल्यावर तो असणारच, असं सगळेच धरून चालायचे. तेही. “हे माझं गिरणीचं आहे,” असं ते सांगायचे, जसं कुणी ‘हे माझं गावचं आहे’ म्हणून सांगतं. पण गिरणी सुटून वर्षं गेली तरी खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. बोलता बोलता वाक्य तुटायचं. दोन शब्द, मग खोकला, मग दोन शब्द. त्यांचं लांबलचक बोलणं सलग असं मी कधी ऐकलंच नव्हतं म्हणा ना.

घरीही तेच होतं. लालबागला रस्त्याला लागून असलेल्या चाळीत पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दमा जडला होता. त्या बाईनं उभ्या आयुष्यात गिरणीत पाऊल टाकलं नव्हतं. नवऱ्याला डबा द्यायला फार तर गेटापर्यंत गेली असेल. खिडकी उघडली की गाड्यांचा धूर, बंद केली की घुसमट. मग काकांनी जुनी साडी भिजवून खिडकीला लावायला सुरुवात केली. रोज सकाळी ती धुवायची, पिळायची, परत लावायची. “आमच्याकडे खिडकीसुद्धा साडी नेसते,” असं ते दुकानात सांगायचे, आणि आम्ही पोट धरून हसायचो. काकी मात्र दुकानाकडे कधी फिरकल्या नाहीत. आम्ही म्हणायचो, आणा की एकदा, चांगली साडी निवडू त्यांच्यासाठी. ते मान हलवायचे. “नको गो. इथला धूर तिला सोसायचा नाय. मीच नेईन एखादी.”

मध्ये एक बसचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा झाला होता. काकांच्याच गावाकडचा. झालं असं, की एक दिवस सिग्नलला बस उभी होती आणि तिचा धूर सरळ दुकानात येत होता. काका पायरी उतरले, ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेले आणि त्यांनी हात जोडले.

“मास्तर, जरा इंजिन बंद करा ना. आत पोरी बसल्यात.”

ड्रायव्हर हसला. “काका, बंद केली तर परत चालू होईल याची गॅरंटी कोण देणार? तुम्ही धक्का मारणार?”

“मारीन,” काका म्हणाले.

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, “गाव खंयचा?” तिथून जमलं. त्यानंतर त्याची बस असली आणि सिग्नल लांबला, की तो इंजिन बंद करायचा आणि खिडकीतून हात दाखवायचा. बाकीच्यांना काका विनवत राहिले. काही हसले, काही अंगावर आले. एक ट्रकवाला म्हणाला, “तेरे बाप का रोड है क्या?” काका शांतपणे म्हणाले, “रोड किसी का भी हो भाऊ, नाक मेरा है.” आतून आम्ही टाळ्या पिटल्या. ट्रकवाल्यानं मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि काका त्या धुरात दिसेनासे झाले. टाळ्या थांबल्या.

माझं लग्न झालं, आणि दिवस गेले तरी मी कामावर येत होते. सहावा महिना असेल. मला खोकला लागला. आधी वाटलं सर्दीचा असेल. जाईना. रात्री जरा कमी व्हायचा, दुकानात येऊन बसले की परत सुरू. एका दुपारी ब्लाउज पीस कापता कापता मला अशी उबळ आली, की कात्री हातातून पडली. मी काउंटरला धरून उभी राहिले. पोटातलं बाळ ढवळून निघाल्यासारखं झालं. डोळे पुसून वर बघितलं, तर काका दारात वळून माझ्याकडे बघत उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“तू कधी गिरणीत गेली होतीस?” त्यांनी विचारलं.

“मी? नाही हो काका.”

“मग हा खोकला तुला कुठला?”

ते तसेच दारातून आत आले, गिऱ्हाईक ओलांडून सरळ गल्ल्यापाशी गेले. इतक्या वर्षांत ते काही मागायला शेठसमोर उभे राहिलेले आम्ही पाहिले नव्हते.

“शेठ, दाराला काच लावा.”

“काच?” शेठ म्हणाले. “काका, दार बंद दिसलं तर गिऱ्हाईक येईल का? हिंदमातेला बंद दारात कोण जातो?”

“धूर आत येतोय. माल काळा होतोय, ते तुम्ही बघताय. ही पोर खोकतेय, तीपण बघा. दोन जिवांची हाय ती.”

“मी कुठे नाही म्हणतो? तिला मागे बसवू या.”

“मागे बसवलीत तर तिच्या जागी दुसरी येईल. तिलाही नाक असणारच.” इथे त्यांना खोकला आला. तो ओसरेपर्यंत सगळं दुकान थांबलं. मग ते म्हणाले, “काच लावा. एसी लावा. दार बंद दिसतंय ना, मग ते उघडायला माणूस हवा. मी हाय ना. मी भायेर उभा राहीन. गिऱ्हाईक आलं की दार मी उघडीन.”

शेठनी एकदा दाराकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. “बघतो,” म्हणाले, आणि खरंच बघितलं. माझं बाळंतपण व्हायच्या आत काचेचं दार बसलं.

तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी दार बंद झालं आणि रस्ता एकदम गप्प झाला, तेव्हा आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघून हसलो. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत होता. हवा गार होती. माझा खोकला पुढच्या काही आठवड्यांत उतरला. मुलगी झाली, धडधाकट झाली. काकांनी तिच्यासाठी मलमलच्या तुकड्याची दुपटी आणली. “पाण्यातून काढून मऊ केलीत,” म्हणाले.

आणि काका बाहेर राहिले. त्यात भर म्हणून एसीची गरम हवा त्यांच्याच डोक्यावर पडायची. काचेतून मला ते दिसायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. मग त्या गिरणीतल्या खुणा कामी आल्या. चहा. ही बघायला आली आहे. घाई करू नकोस. दार उघडलं, की क्षणभर रस्ता आत घुसायचा, आणि त्यांच्या खोकल्याचा तुकडा ऐकू यायचा. दार मिटलं, की फक्त त्यांची पाठ हलताना दिसायची.

एका दुपारी ते दुकानासमोरच्या पुलाच्या खांबाला टेकून खाली बसले. त्या ओळखीच्या ड्रायव्हरनं बस तशीच रस्त्यात उभी केली, मागच्या गाड्यांच्या शिव्या खात त्यांना उचलून दुकानात आणलं. ओठ निळसर पडले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना परळच्या इस्पितळात घेऊन गेले. काकींना का नाही सांगत, असं विचारलं तर म्हणाले, “तिला जिना चढवत नाय, तिला कुठे फिरवू?”

तिथे त्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. “चूल पेटवायची हाय काय?” त्यांनी विचारलं. तपासणारी डॉक्टर तरुण मुलगी होती, ती हसली. पण कागद बघितल्यावर तिचं हसू गेलं. बिडी ओढता का? नाही. आधी काय करत होता? गिरणी. मग तिनं विचारलं, “आणि आता?”

“कपड्याच्या दुकानात.”

“दुकानात म्हणजे आत?”

काका खिडकीकडे बघायला लागले. मी म्हटलं, “दारात. हिंदमातेला. रस्त्यावरच म्हणा.”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. “काका, गिरणीनं जे केलं ते होऊन गेलं, ते मला परत आणता येणार नाही. पण हा रस्ता तुम्ही रोज आत घेताय. तो थांबवा. शक्य असेल तर मुंबई सोडा.”

परत येताना बसस्टॉपवर काका म्हणाले, “पोर चांगली होती. पण तिला वाटतं मुंबई म्हणजे चप्पल आहे, काढली नि ठेवली.” त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. पुढे ते म्हणाले, “यातलं काय घरी कोणाला सांगू नको हां.” मी आजाराबद्दल समजले. हो म्हटलं.

शेठनी त्यांना आत घेतलं. मागच्या बाजूला गादीवर बसून साड्यांच्या घड्या करायचं काम दिलं. आम्हाला वाटलं, बरं झालं. पण बंद खोलीत खोकला मोठा वाटतो. थोड्याच दिवसांत एक बाई लहान मूल घेऊन आली होती, ती शालू बघता बघता उठून लांब जाऊन बसली. मला हळूच विचारलं, “यांना टीबी वगैरे नाही ना हो?” हळूच विचारलं, पण साचेवाल्याला ओठ वाचता येतात, हे तिला कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाराबाहेर होते. शेठ स्वतः बाहेर जाऊन बोलले, मी बोलले.

“काका, आत चला ना. असं काय करता?”

“आत खोकलो की गिऱ्हाईक दचकतं,” ते म्हणाले. “बाहेर एवढ्या आवाजात कोणाला ऐकू येतंय?” आणि समोरून येणाऱ्या बाईसाठी त्यांनी दार उघडलं.

ते गावी गेले ते शेवटी काकींसाठी. मुलीला नोकरी लागली, तिचं लग्न झालं, आणि काकींचा दमा हाताबाहेर गेला. स्वतःसाठी जे त्यांनी केलं नाही ते बायकोसाठी केलं. खोलीला कुलूप लावलं आणि दोघं मालवणकडच्या आपल्या वाडीत जाऊन राहिली. निरोपाच्या दिवशी शेठनी शाल दिली. काकांनी ती चिमटीत धरून बघितली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो. “चांगली आहे,” ते म्हणाले. शेठनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढे काही महिन्यांनी दुकानाच्या फोनवर त्यांचा फोन आला. बाजारातल्या बूथवरून केला होता. सगळ्यांनी पाळीपाळीनं बोलून घेतलं, शेवटी रिसीव्हर माझ्याकडे आला. ते सांगत होते की विहिरीला पाणी चांगलं आहे, काकी आता पाणंदीतून देवळापर्यंत चालत जाते, मध्ये कुठे बसत नाही, फणसाला यंदा खालपासून फळ धरलंय, तुझ्या पोरीला घेऊन मे महिन्यात ये. मी हूं हूं करत होते. आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं, की ते हे सगळं न थांबता बोलत होते. मध्ये खोकला नाही, धाप नाही. एका दमात. जाड, जरासा नाकातला, गोड आवाज होता त्यांचा. इतकी वर्षं शेजारी उभं राहून तो मला माहीत नव्हता.

“ऐकतेस ना गो?” त्यांनी विचारलं.

“ऐकतेय,” मी म्हटलं. “बोला तुम्ही.”

मे महिन्यात माझं जाणं झालं नाही, आणि पुढच्या मे महिन्यात काका नव्हते. गावची हवा स्वच्छ होती, पण एवढी वर्षं जे आत गेलं ते तिला काढता येण्यासारखं नव्हतं. थंडीत साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मुलीनं फोन करून कळवलं. शेठनी त्या दिवशी दुपारनंतर दुकान बंद ठेवलं.

लालबागची खोली आवरायला काकी मुलीबरोबर मुंबईला आल्या, तेव्हा एका सकाळी दुकानाकडे आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. लहानखुरी बाई, मुलीच्या हाताला धरून. पायरीशी थांबल्या होत्या. मी दार उघडून बाहेर गेले, पाया पडले.

“तू ती मॅचिंगवाली,” त्या म्हणाल्या. “तुझा नाव खूप घेयत.” मग काचेतून आत डोकावून बघायला लागल्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून. “गिरणीन नेल्यान त्यांका. पण हय सुखात होते म्हणत. म्हणान बघूक इलंय. ते खंय बसत? तो पंखो खंय आसा?”

मला कळेना. मी त्यांच्या मुलीकडे बघितलं. तिलाही काही माहीत नसावं, तीसुद्धा काचेतून आतच बघत होती.

“कुठला पंखा, काकी?”

“अगो, पंख्याखाली बसान साडयांच्यो घडयो घालतंय म्हणत. शेठ उन्हात जावक देणा नाय म्हणत.” त्या थोडं हसल्या. “शर्ट धुताना मी विचारी, कॉलर इतकी काळी कशी? तर म्हणत, बसच्या धुरातसून येतंय मा.”

खोटं बोलणं सोपं होतं. आत नेऊन मागची गादी दाखवायची, चार दिवस तर ते तिथे बसलेच होते. पण ती बाई एवढ्या लांबून बघायला आली होती.

“काकी,” मी म्हटलं, “ते इथे उभे राहायचे.”

“हय?”

“इथेच. दाराबाहेर. पहिल्यापासून.”

त्यांनी पायाखालच्या फरशीकडे बघितलं. मग रस्त्याकडे वळल्या. सिग्नल लागला होता. बस, ट्रक, टॅक्सी, दुचाक्या, सगळं अगदी हाताच्या अंतरावर घरघरत उभं होतं. त्यांनी पदर नाकाला लावला. मुलगी रडायला लागली. सिग्नल सुटला, काळा लोट पायरीवर आला, आणि मी काकींच्या दंडाला धरलं.

“काकी, आत चला. तुम्हाला सोसायचं नाही.”

“थांब गो,” त्या म्हणाल्या. “जरा रवतंय.”

आणि त्यांनी नाकावरचा पदर खाली घेतला. भिंतीला पाठ लावून, हात पुढे जुळवून त्या तिथे उभ्या राहिल्या. मी दार उघडं धरून उभी होते. आतला सगळा गारवा बाहेर चालला होता. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले, पण दार लावा असं काही म्हणाले नाहीत.